बाराशे मीटरवरचा दोष आणि माझी इतर मालमत्ता

मी, कु. अबोली नत्थूजी निखाडे, वय सत्तावीस वर्षे, धंदा नोकरी (विद्युत अभियंता), राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. ती सोमवारी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. तरी कागद केलेला बरा. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी आई सत्यवती हिला. तिने त्यातून माझं वर्षश्राद्ध मोठं करू नये. स्वतःच्या गुडघ्यांचा इलाज करावा.

कलम २. लॅपटॉप धाकटा भाऊ पियुष याला. अट एकच, पदवी पूर्ण करावी. घरात पदवीधर मी एकटीच आहे आणि ते फार एकटं काम आहे.

कलम ३. डिजिटल व्हर्निअर कॅलिपर वडील नत्थूजी यांना. बाबा केबलचे चर खणणाऱ्या टोळीत आहेत. आमच्या ऑफिसने शहराच्या पूर्वेकडे १३२ केव्हीची भूमिगत केबल टाकली, तिचे चर याच टोळीने खणले. मार्चमध्ये बाबा केबलचा कापून उरलेला वीतभर तुकडा घरी घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून म्हणाले, "हे पांढऱ्याच्या आतून-बाहेरून काळं कायचं हाय वं? डांबर?" तो अर्धवाहक थर होता. त्याची जाडी कॅटलॉगात दिलेली नव्हती, म्हणून केबलच्या आमच्या संगणकीय मॉडेलमध्ये तो धरलाच नव्हता. मी व्हर्निअर लावून तो मोजला. माझ्या हातून लागलेला एकमेव शोध त्या ओट्यावर लागला, आणि प्रश्न बाबांचा होता.

कलम ४. माझ्या शोकसभेत हिमानी देशकर हिने बोलू नये. ती चांगलं बोलेल.

हिमानी ऑफिसात माझ्या शेजारी बसते. केबलमध्ये वीज कशी वागेल हे सांगणारं संगणकीय मॉडेल आम्ही दोघींनी केलं. सगळे त्याला "हिमानीचं मॉडेल" म्हणतात. तिचे वडील देवराव निवृत्त मुख्य अभियंता आहेत. धरमपेठेतल्या घरी ते जेवताना तिच्या आकड्यांवर वाद घालतात, तिला चूक ठरवतात. आमच्या घरी मला चूक ठरवू शकेल असं कोणी नाही. मला हेवा त्या जेवणाचा आहे. तिच्या इंग्रजीचा आणि केसांचाही आहे, पण तो कमी.

कलम ५. मूळ मसुद्यात इथे होतं: "माझी निळी वही माझ्या मृत्यूनंतर हिमानीला द्यावी." ते वाक्य काढलं. कारण लिहून ठेवते.

केबलमध्ये दोष झाला की एका टोकाकडून विजेचा ठोका पाठवतात. तो दोषावर आपटून परत येतो. लागलेला वेळ आणि ठोक्याचा वेग यावरून अंतर कळतं. काळे थर धरले नाहीत तर मॉडेलमधला वेग खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि अंतर पुढे सरकतं. हे मला मार्चमध्येच निळ्या वहीत हिशेब करताना कळलं. ज्या दिवशी सांगणार होते त्याच दिवशी बंगळुरूच्या परिषदेत मॉडेल मांडायला हिमानीचं नाव जाहीर झालं. मी वही बंद केली. तिथे कोणीतरी सगळ्यांदेखत तिची चूक काढावी असं मला वाटत होतं. कोणी काढली नाही. टाळ्या पडल्या.

मे महिन्यात दोष झाला. तो असा होता की जमिनीवरून आवाज ऐकून जागा पक्की करता येईना. सगळी भिस्त मॉडेलवर. मॉडेल म्हणालं, तेराशे चाळीस मीटर. माझ्या वहीप्रमाणे बाराशे. बाबांच्या टोळीने तेराशे चाळीसवर खणलं, मग थोडं पुढे दुसरा खड्डा घेतला. ऊन सेहेचाळीस अंश. दुसऱ्या खड्ड्यात बाबा सब्बल धरूनच खाली बसले. दोन दिवस सलाइनवर होते. तेव्हा कुठे मी म्हणाले, "बाराशेवर बघा, आपला अंदाज." दोष तिथेच निघाला. हिमानीने मला मिठी मारली. "काय नशीब आहे गं तुझं!"

पुढच्या दोन केबलांना हेच मॉडेल वापरणार आहेत आणि खणणारी टोळी हीच आहे. तरीही मी वही मृत्यूनंतरच द्यायचं ठरवलं होतं. मेलेल्या माणसाला कोणी "तेव्हा का बोलली नाहीस" असं विचारत नाही.

साक्षीदार म्हणून सही करायला हिमानी आपणहून आली. वकील गणपतराव मसुदा वाचून म्हणाले, "जिले काही देऊन राहिल्या, तिले साक्षीदार नका करू, ताई. उद्या कोणी बोट दाखवते." दुसरा साक्षीदार शोधता आला असता. पाच मिनिटं मी खरंच शोधला. मग वही हातोहात दिली.

तिने उभ्याउभ्या चार पानं वाचली. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"मार्चपासून."

"मी बंगळुरूला जायच्या आधी?"

"हो."

"आणि काका खड्ड्यात होते तेव्हा?"

तिने वही मिटली. ती म्हणाली, "मला इतका राग आलाय की आत्ता सही केली तर कागद फाटेल. उद्या येते. आधी काकांना सांग."

कलम ६. बाबांना काल सांगितलं. ते आपल्या तळहाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "दुसरा खड्डा तरी वाचला असता ना वं." आणि लगेच, "त्या पोरीले काहून नाई सांगतलं?"

"तिच्यावर जळत होते, बाबा."

"मंग जळ ना. जळाले कोन मना करते? आकडा सांगून जळाचं."

यापुढे या विषयावर माझ्या घरच्यांनी हिमानीला दोष देऊ नये, मलाही उगाच पाठीशी घालू नये.

कलम ७. मी जगले तरी वही हिमानीकडेच राहील. दुरुस्त केलेलं मॉडेल नव्या केबलांत वीज सोडण्यापूर्वी ऑफिसात द्यावं. त्यावर दोघींची नावं असावीत, वर्णानुक्रमाने; म्हणजे माझं आधी. हा क्रम हिमानीने आज वाचला, कपाळाला आठी घातली आणि मान्य केला.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: अबोली नत्थूजी निखाडे

साक्षीदार:
१. ॲड. गणपतराव बोरकुटे, नागपूर
२. हिमानी देवराव देशकर, धरमपेठ, नागपूर

स्थळ: नागपूर
दिनांक: १४ जून २०२५