एका मताचं पाणी

आबा, आज मतदान झालं. बायकांची जागा निघाली म्हणून तुमची सून ग्रामपंचायतीला उभी आहे. समोर तुमच्या जुन्या दोस्ताची सून. ज्यांच्याकडून तुम्ही एका मतानं पडलात, त्याच घरातली.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी नुकतीच मढला नांदायला आले होते. जुन्नरहून निकाल ऐकून तुम्ही आलात ते सरळ स्वयंपाकघरात, चुलीपुढं पाटावर बसलात. सासूबाई रडत रडत त्या घराला शिव्या घालतायत, आणि तुम्ही म्हणता, "त्यांना कशाला बोलती? म्या माझं मत त्यालाच घातलं व्हतं." फुंकणी हातातच राहिली माझ्या. मग तुम्ही समजुतीनं सांगितलंत, की आपल्याकडं उभा राहणारा आपलं मत समोरच्याला घालतो. "पंगतीत कुनी आपलं ताट आपनच वाढून घेतं व्हय? लोकांनी वाढाया पायजे." त्यांनी रीत पाळली की नाही, हे तुम्ही मरेपर्यंत विचारलं नाहीत. सासूबाईंनी एकदा विषय काढला, तर त्यांच्यावरच डाफरलात.

मला तुमचा अभिमान वाटला नाही, आबा. राग आला. वरच्या वाडीला नळ आणायचा म्हणून तुम्ही उभे राहिला होतात, आणि ते मत स्वतःला घातलं असतंत तर एका मतानं निवडूनही आला असतात. त्यांनी खालच्या आळीत टाकी बांधली, वाडी तशीच राहिली. तुमच्या त्या सभ्यपणाचं पाणी आम्ही बायकांनी दर उन्हाळ्यात डोक्यावर वाहिलं. तुमच्या दहाव्याला आलेल्या पाहुण्यांसाठीसुद्धा टँकर मागवावा लागला. अजूनही होळी झाली की टँकरचीच वाट बघतो.

म्हणून आज यंत्रापुढं मी वेळ काढला नाही. माझ्या चिन्हापुढचं बटण दाबलं आणि बाहेर आले. आबांची रीत आबांबरोबर गेली, असं मनाशी म्हटलं. शाळेच्या पायरीवर तुमच्या दोस्ताची सून चपला घालत होती. माझ्याहून बरीच लहान. जवळ येऊन पाया पडली आणि हळूच म्हणाली, "ताई, म्या माझं मत तुमाला घातलंय. मामंजी जाताना सांगून गेले, तुमच्या आबांनी त्यांना घातलं व्हतं, त्यांनी आबांना. आपनबी तसंच करायचं." मी नुसतं "बरं" म्हणाले. ती हसली आणि घरी गेली.

म्हणजे तुम्ही दोघंही खरे होतात. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. पाठवू कुठं?

उद्या मोजणी आहे. वाडीला नळ हवाच आहे, मला निवडून यायचंच आहे. फक्त एका मतानं येऊ नये, एवढंच सकाळपासून घोकतेय. आणि तसंच झालं, तरी मी खुर्ची सोडणार नाही, आबा.