आई ओळखली कशावरून

खालच्या मजल्यावरची मिचिको एवढा वेळ जपानीत बोलली, आणि तू मराठीत सांगताना मला एका ओळीत गुंडाळलंस: "आजी, बॉम्ब पडला, मग तिला आई सापडली."

जाई, आशीर्वाद.

हिरोशिमात तेव्हा ती आठ वर्षांची होती. जळालेल्या माणसांत आई ओळखली कशावरून, एवढंच मी विचारलं होतं. तिने माझं मनगट धरून सांगितलं. तू मान खाली घालून "नथिंग लाह" म्हणालीस आणि मेलबर्नला शिकायला निघून गेलीस. आता ब्लॉकखालच्या बाकावर ती रोज माझ्या बांगड्या चाचपते. त्या घालू की काढून ठेवू, मला कळत नाही. ऐकून मी काही मरत नाही.

ती तेव्हा काय म्हणाली, ते तूच लिहायचं. तुझ्या आईने मध्ये पडायचं नाही.

आजी, पुंगोल, सिंगापूर