जुन्या स्टँडची पाठ

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. तुझी आई म्हणते, मीटिंगमध्ये असेल ती. रोज उठून कसल्या गं मीटिंगा? अकरा पोरं आणि एक चेंडू, त्यात एवढं बोलायला काय असतं? माझं अक्षर जुळवून वाच. मी दुसरीत शाळा सोडली आणि वाचायला शिकले ते पेपरातल्या खेळाच्या पानावर. त्यामुळे पेनल्टी, ऑफसाइड झरझर लिहिता येतं आणि बाकीच्या शब्दांपाशी पेन अडून बसतं.

तब्येत विचारशील तर गुडघे होते तसेच आहेत. डोळ्यांना जवळचं दिसत नाही, लांबचं स्वच्छ दिसतं. मैदानाच्या त्या टोकाला कोण कोणाची जर्सी ओढतंय ते मी सांगते, पण ताटात काय वाढलंय ते विचारावं लागतं. घास मात्र उतरत नाही, आणि ते काही म्हातारपणामुळे नाही. रविवारी जिंकलो तर राहिलो, नाहीतर खालच्या लीगमध्ये. सकाळी उठले की आधी पेपरातला तक्ता बघते, जसं काही कोणी रात्रीतून आपल्याला उचलून वर ठेवणार आहे. भाजी आणायला म्हणून निघते आणि पाय क्लबच्या गेटाशी जाऊन थांबतात. गेट बंद असतं. तरी बघून येते.

आणि आता त्यात हे. परवा ड्रायव्हर घरी आला. तोच, बसवरून रिटायर झालेला, पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसायचा, लहानपणी तुला खांद्यावर घेऊन कॉर्नर दाखवायचा. खुर्चीच्या कडेवर टेकला, हातातला चहा पार गार केला आणि म्हणाला, आजी, जिवावर येतंय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय होत नाही. मी म्हटलं, मग मला विचार ना, माझ्या फरशीला काय विचारतोस? तेव्हा कुठे तोंड उघडलं. रविवारी पाठ द्यायचं ठरतंय. तुला.

तू लहान असताना एकदा बघितलंयस पाठ देणं, आणि घाबरून माझ्या मांडीत तोंड खुपसलं होतंस. टीम मैदानात येते आणि सगळा जुना स्टँड उठून उलटा उभा राहतो. शिवी नाही, शिट्टी नाही, नुसत्या पाठी. ज्या कोचला आम्ही पाठ दिली तो पुढच्या मॅचला दिसला नाही. मालक कोणीही असोत, शिव्या त्यांना पचतात, पाठी पचत नाहीत. नियम एकच. पहिल्या बाकावरच्या जुन्या माणसांना एकेकाला विचारायचं, आणि त्यातला एक जरी नाही म्हणाला तरी कोणी जागचं हलायचं नाही. तुझे आजोबा एकदा नाही म्हणाले होते. स्टँड बसून राहिला खरा, पण पुढे अख्खा सीझन त्यांना कोणी काडेपेटीसुद्धा उसनी दिली नाही. आता न्हावी हो म्हणालाय, नर्सबाई नाक पुसत पुसत हो म्हणाली, ड्रायव्हर हो. राहिले मी.

त्यांचा राग खोटा आहे असं मला म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. नवे मालक आले आणि तुला कोच केलं, तेव्हा गेटावर तुझा माणसापेक्षा मोठा फोटो लागला. बाई कोच म्हणून बाहेरची माणसं हसली, पण जुन्या स्टँडने कोणाला हसू दिलं नाही. आपल्या बाकावर वाढलेली पोर आहे, असं न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून सांगायचा. कोण नाही म्हणेल? मालकांनी बाकं काढून प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या, तरी आम्ही त्यांना बाकच म्हणत राहिलो आणि चालवून घेतलं. गोल झाला की वाजवायला एक गाणं आणलं. ते आजवर मला धड ऐकायला मिळालेलं नाही, इतके आपले गोल. मग हरायला लागलो. हरण्याचं मला नवल नाही, मी या क्लबाबरोबर लग्नाच्या आधीपासून हरतेय. पण यंदाचं हरणं बेचव आहे. चेंडू आडवा, परत आडवा, परत मागे. खिडक्या पुसल्यासारखं खेळतात पोरं. आणि डावरा, ज्याच्या पायाला चेंडू लागला की अख्खा स्टँड श्वास धरतो, तो सबंध सीझन राखीव बाकावर टॉवेल पांघरून बसलेला. म्हणे मालकांच्या त्या आकडेवाल्याच्या मशीनमध्ये तो पळताना कमी भरतो. अगं, मांजर तरी कुठे दिवसभर पळतं?

सगळ्यात वाईट काय झालं, तर माझ्याभोवती शिव्यांचा दुष्काळ पडला. इतकी वर्षं ज्या माणसांनी माझ्या कानाशी कोचच्या सात पिढ्या काढल्या, ती माणसं यंदा माझ्याकडे बघून अर्धी शिवी गिळायला लागली. गोल खाल्ला की न्हावी लाल व्हायचा आणि म्हणायचा, हवा छान आहे नाही आजी? शिवी गिळून माणूस किती दिवस जगणार? मग एकेक जण लांब सरकला. मान राखायला, दुसरं काही नाही. आज मी भरलेल्या स्टँडमध्ये एकटी बसते, चहूबाजूंनी रिकाम्या खुर्च्या, आणि त्यांच्या पलीकडे माणसं तुझ्या नावाने मोकळेपणी बोंब मारतात. मालकांना वाटलं, तिथली तिकिटं खपत नाहीत. म्हणून त्यांनी त्या खुर्च्यांवर टूथपेस्टच्या जाहिरातीचं कापड ताणलं. केवढे ते पांढरे दात, आणि मधोमध मी, बोळकी. टीव्हीवर दाखवलं म्हणे. तुझ्या आईला शरम वाटली. मला तर पहिल्यांदाच त्या मैदानात हसू आलं, पण हसायला शेजारी कोणी नव्हतं.

तू मला वर काचेच्या खोलीतला पास पाठवलास. गेले एकदा. तिथे गार वारा, मऊ खुर्ची, आणि मॅच चालू असताना लोक मॅचकडे पाठ करून खात असतात. तिथे पाठ द्यायला कोणाला विचारावं लागत नाही. हाफ टाइमला उठून खाली आले.

पण तेवढ्या वेळात मी एक बघितलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला चैन नाही. आकडेवाला तिथेच बसला होता, तोंडापाशी माइकची काडी धरून. तो काही पुटपुटला की खाली तुझा हात कानाला, कानातल्या त्या ऐकायच्या बोंडाला जायचा. तो पुटपुटला, तुझा हात कानाला, आणि एक पोरगा बाहेर. परत पुटपुटला, परत हात, दुसरा बाहेर. त्यानंतर खालच्या माझ्या खुर्चीवरून मी सगळ्या मॅच बघितल्या त्या चेंडूकडे कमी आणि तुझ्या कानाकडे जास्त बघत. एकदाही तू आधी ठरवलंस आणि मग हात कानाला गेला, असं झालं नाही.

आपण बटणांनी खेळायचो, आठवतं? मी शर्टांच्या कारखान्यातून तुटकी बटणं आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू टीम मांडायचीस, ओव्हरकोटाचं बटण गोलमध्ये. मी काही सुचवलं की बटणावर तळहात ठेवून म्हणायचीस, आजी, माझी टीम आहे, तू तुझी मांड. एवढीशी कार्टी. एकदा बटण उचलून मीच हलवलं, तर टेबलच उलटं केलंस. फटका खाल्लास, पण बटण परत होतं तिथेच ठेवलंस. त्या पोरीला मी ओळखते. आता मैदानाच्या कडेला उभी असते तिला मी ओळखत नाही. मला कळत नाही असं समजू नकोस. एवढं मोठं काम, आधी कोणी बाईला दिलेलं नाही, गेलं तर परत कोण देणार, हे सगळं मला कळतं. पण त्यांनी तुला पुढे उभं केलंय ते शिव्या अंगावर घ्यायला. ठरवणार ते आणि पाठ बघणार तू.

ड्रायव्हरला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. त्याला वाटलं, म्हातारी नातीसाठी वेळ काढतेय. वाटू दे. मी त्याला सांगितलंय, टीम बाहेर आली की माझ्याकडे बघ, तेव्हा कळेल. हा कागद त्यासाठीच आहे. रविवारी तू बोगद्यातून बाहेर येशील तेव्हा मी दुसरं काही बघणार नाही, तुझा कान बघणार आहे. मोकळा असला तर मी बसून राहीन, आणि मी बसले म्हणजे सगळ्यांना बसावं लागेल. मग डावऱ्याला खेळव, नाहीतर आणखी कोणाला, ते तुझं तू बघ, मी सुचवणार नाही. हरलीस तर खालच्या लीगमध्ये जाऊ, मी तिथेही येईन, मला काही उशीर होत नाहीये. पण कानात ते बोंड दिसलं, तर कोणी उठायच्या आत मी उठेन. गुडघे दुखतात, वेळ लागेल, पण सगळ्यात आधी पाठ फिरेल ती माझी. उगाच नंतर म्हणू नकोस, आजीने आधी सांगितलं नाही.

तुझीच, रविवारपर्यंत तरी,
आजी