ओलीवरचा रंग

४ डिसेंबर
पुन्हा! चिमीच्या पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके. गेल्या महिन्यात ह्यांनी तिथे रंग दिला होता, गिऱ्हाइकाकडचा उरलेला पिस्ता. त्याआधी गुलाबी. रंगाऱ्याचं घर ना आमचं! म्हटलं, आधी ओल कुठून येते ते बघा. तर म्हणे, "इतकी वर्षं भिंती रंगवतोय, मला शिकवू नकोस. एक हात मारला की झालं." दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

७ डिसेंबर
हात मारला. आकाशी.

१५ डिसेंबर
चिमीचा खोकला जाईना. एवढंसं पोर, जिना चढताना मध्येच थांबतं. छातीत शिट्टी वाजते. गारठा बाधला असेल म्हणून खिडकी घट्ट लावून घेतेय. कपडेही तिच्याच खोलीत वाळत घालते — बाहेर कुठे वाळतायत!

१८ डिसेंबर
ठिपके आकाशीतूनही वर आले. माझं डोकंच फिरलं. ह्यांची पत्र्याची पट्टी घेतली नि भिंत खरवडून काढली — आकाशी, पिस्ता, गुलाबी, खालचं काळं, सगळं. चिमी तिथेच चित्र काढत बसलेली. नुसती धूळ! संध्याकाळी तिला श्वासच घेता येईना. हे तिला उचलून दवाखान्यात धावले. मी तशीच मागे पळाले.

१९ डिसेंबर
रात्री दवाखान्यात औषधाची वाफ दिल्यावर निवली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "अहो, बुरशी कोरडी खरवडली की तिचे कण हवेत उडतात. आधी मुलीला दुसऱ्या खोलीत न्या. मास्क लावा, भिंत भिजवून साबणाने घासा, मग खडखडीत वाळू द्या. खोलीत वारा खेळू दे, ओले कपडे नकोत. आणि पाणी कुठून मुरतंय ते शोधा, नाहीतर सगळं मुसळ केरात!" ह्यांनी मान वर केली नाही.

२४ डिसेंबर
पलीकडच्या न्हाणीघरातला नळाचा सांधा गळत होता. बदलून घेतला. भिंत ह्यांनी स्वतः घासली. पलंग हातभर पुढे ओढला, खिडकी उघडली, कपडे गॅलरीत. रंग कधी देताय, विचारलं. "वाळू दे गं आधी." हे बोलतायत हे?

९ जानेवारी
चिमी जिना धावत चढली. माझ्या आधी! तिथेच पायरीवर बसून रडले.

१२ जानेवारी
आज हे कामावर गेले नाहीत. पट्टी, मास्क, साबणाची बादली घेऊन निघाले. कुठे, विचारलं.
"गेल्या वर्षी एका बाळाच्या खोलीत ओलीवर रंग मारलाय मी."
चपला घालता घालता थांबले.
"एकाच्याच नाही."