पालथी सही

बाबा, काल माझ्या पेनचं टोक झिजलं. हे पेन शाईचं नाही. एका काळ्या पाटीवर ते फिरवलं की समोरच्या पडद्यावर रेघ उमटते. त्याला इवलंसं प्लॅस्टिकचं टोक असतं, ते वापरून तिरकं झालं की चिमट्याने उपटायचं आणि नवं बसवायचं. ते जुनं टोक तळहातावर घेतलं आणि एकदम तुमचा आवाज कानात आला, "ह्याला टोक कुठाय गो?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा नीट आठवायला मला आता फोटो लागतो, पण हा प्रश्न जसाच्या तसा ऐकू येतो. टोक आलं, बाबा. उशिरा आलं, पण आलं. एवढंच सांगायला बसले होते, पण एवढ्यावर माझं कधी भागलंय?

तुम्ही हाटकेश भागातल्या भांड्यांच्या कारखान्यात होतात तेव्हा मी शाळेत होते. तुमचा डबा द्यायला आईबरोबर एकदाच आत आले होते, तेव्हा स्टीलच्या पत्र्यावर दणादण आदळणारी ती प्रेस पाहिली आणि घरी येईपर्यंत आईचा पदर सोडला नाही. त्याच प्रेसने पुढे तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तुम्ही कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतात. मालकाला शिव्या नाहीत, नशिबाला नाहीत. एवढंच म्हणालात, "माझं लक्ष बोटावर नव्हतं." मग ते तुमचं पालुपदच झालं. बोट कुठे आहे ते बघत राहायचं. विळीवर बसलेल्या आईला तेच, दार लावणाऱ्या मला तेच. आई वैतागून म्हणायची, "अहो, बोटं माझी आहेत, मला ठाऊक आहे कुठे असतात ती."

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातल्या शेठने तुम्हाला भांड्यांवर नावं घालायला बसवलं, ती दयाच होती म्हणायची. कारण नाव घालायचं तर एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, आणि तुमच्या उजव्या हातात तर दोन्हींपैकी काही ठरतच नव्हतं. तुम्ही भांडी पुसायचात आणि बांधून द्यायचात. मग शेठने ते विजेवरचं मशीन आणलं. जाड पेनासारखं, मागे वायर, बटण दाबलं की दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा घर्र आवाज. त्याला एकच हात पुरत होता. तुम्ही घरी आलात, माझी पाटी ओढलीत आणि डाव्या हाताने अ आ इ गिरवायला बसलात. मी शेजारी बसून तुम्हाला मार्क देतेय. 'ज्ञ'ला शून्य दिलं म्हणून तुम्ही माझ्याकडे असं बघताय की आई तोंडाला पदर लावून हसतेय. लोक पुढे म्हणायचे, एका मशीनने हात नेला, दुसऱ्याने भाकरी दिली. तुम्हाला ते बोलणं मुळीच खपायचं नाही. "मशीन काय देतंय? शिकलो मी," म्हणायचात.

आणि मग ते पेले. कुणा बाईंनी मुलीच्या लग्नासाठी अर्धा डझन पेल्यांवर नाव घालायला सांगितलं आणि नाव गुजरातीत चिठ्ठीवर लिहून दिलं. तुम्हाला गुजराती बोललेलं कळायचं, वाचता यायचं नाही. आपल्या अक्षरांना वर रेघ असते, म्हणजे डोकं कुठलं आणि पाय कुठले ते आंधळ्यालाही कळावं. गुजरातीला ती रेघच नाही. तुम्ही चिठ्ठी उलटी धरलीत आणि जशी दिसली तशी, एकेक वळण सांभाळत, सगळ्या पेल्यांवर सुबक उतरवलीत. शेठ कपाळाला हात लावून ओरडला, "अरे भाऊ, आ तो ऊंधुं छे! पूरा उलटा नाम डाला!" बाईंनी पेले घेतले नाहीत. "ले जाओ, घर में पानी पीना," असं म्हणून शेठने ते तुमच्याच पिशवीत घातले. तुम्ही घरी आलात, चेहरा पडलेला. आईने पेले धुतले आणि सवयीने मांडणीवर पालथे घातले. तुम्ही बघत राहिलात. मग उठून म्हणालात, "सुलट झालं की गो! पेले पालथेच ठेवतात ना? मग बरोबरच आहे माझं." त्या रात्री तुम्ही अपघातानंतर पहिल्यांदा पोट धरून हसलात. मी वहीच्या मागच्या पानावर एक माणूस काढला, स्वतःच्या पेल्यावरचं नाव वाचायला शीर्षासन करणारा. माझं पहिलं व्यंगचित्र ते.

ते वेड गेलं नाहीच. कॉलेज संपलं आणि मुंबईतल्या एका छोट्या पेपरात मला रोजची चौकट मिळाली. शाई, टाक, जाड कागद. तुम्ही दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकाला ती चौकट दाखवायचात, गिऱ्हाईक मराठी असो वा नसो. आणि मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी संपादकांनी मला बोलावून सांगितलं, "कागदावरचं चित्र घ्यायचा कॅमेरा आम्ही काढून टाकतोय. सगळं कॉम्प्युटरवर. पुढच्या महिन्यापासून चित्र फ्लॉपीवर आणा. नाही जमलं तर तयार चित्रं मिळतात, ती टाकू." तयार चित्रं! टाय लावलेला एक गोरा माणूस, हातात घड्याळ, तो म्हणे आमच्या वाचकांना हसवणार. मी जिना उतरता उतरताच ठरवलं, ह्या टायवाल्याला माझ्या चौकटीत बसू द्यायचं नाही.

स्टेशनजवळ कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून देणारा एक डीटीपीवाला होता. दुपारी त्याचं मशीन रिकामं असायचं, तेव्हा बसा म्हणाला. माऊसने चित्र काढणं म्हणजे साबणाची वडी हातात धरून सही करण्यासारखं होतं. गोल काढावा तर बटाटा, नाक काढावं तर जिना. तो बिचारा समजावून समजावून थकला. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बघायला आलात. मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं. तुम्ही माऊस डाव्या हातात घेतलात, उचललात, उलटा केलात, पोटाखालची गोळी बघितलीत आणि गंभीरपणे विचारलंत, "ह्याला टोक कुठाय गो? ज्याला टोक नाय, त्याची रेघ कशी निघेल?" डीटीपीवाला म्हणाला, "अंकल, ये माऊस है, पेन नहीं." तुम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केलंत आणि जाता जाता मला म्हणालात, "बोट कुठे आहे ते बघत राहा." मी बघत राहिले. हाताकडे बघते, पडद्याकडे बघते, परत हाताकडे. मान दुखून आली आणि माणसांचे बटाटेच राहिले. महिना संपत आला होता.

एके दिवशी मशीन रिकामं नव्हतं म्हणून मी वैतागून तुमच्या दुकानाकडे आले. तुम्ही एका मोठ्या पातेल्यावर गुजराती नाव घालत होतात. त्या पेल्यांनंतर शेठ प्रत्येक चिठ्ठीच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढून द्यायचा. मी पायरीवर बसून बघत राहिले, आणि तुमचे डोळे चिठ्ठीवरून हलतच नव्हते. हात खाली पातेल्यावर आपापला चालला होता. घर्र, घर्र, वळण, थांबा, पुढचं अक्षर. मी ओरडलेच, "बाबा, तुम्ही हाताकडे बघतच नाही आहात!" तुम्ही मशीन बंद केलंत. "कोण म्हणतंय? बघतोच मी." "नाही बघत. चिठ्ठीकडे बघता." "गप बस. माझी बोटं गेली तेव्हापासून मी दुसरीकडे बघितलेलं नाय." शेठ गादीवरून म्हणाला, "भाऊ, लडकी बराबर बोलती है." तुम्ही दोघांवर रागावलात आणि पुढचं पूर्ण नाव हाताकडे टक लावून घातलंत. ते वाकडं आलं. दुसऱ्या दिवशी डीटीपीवाल्याकडे जाताना मी पिशवीत एक पंचा टाकला.

माऊस आणि हात, दोन्हींवर पंचा घातला. "मॅडम, माऊस को ठंड लग रही है क्या?" डीटीपीवाल्याने विचारलं. मी म्हटलं, "हो, ताप आलाय त्याला." हात दिसेनासा झाला तेव्हा डोळ्यांना पडद्याखेरीज कुठे जायला जागाच उरली नाही. बटाट्याचा चेहरा झाला. चेहऱ्याला नाक फुटलं. चांगलं नव्हतं, पण माणसाचं होतं आणि माझं होतं. मी रोज दुपारी पंचा घेऊन हटून बसले. शेवटच्या दिवशी चित्र पुरं झालं. सही करायची राहिली होती, ती केली, जरा सरकवावी म्हणून कुठलासा भलताच पर्याय दाबला, आणि सही गर्रकन फिरून डोक्यावर उभी राहिली. त्याच गडबडीत मी ते फ्लॉपीवर चढवलं, आता सरळ करते म्हणेपर्यंत लाइट गेली. भाईंदरची लाइट, ती काय माझ्यासाठी लगेच येणार होती? पेपरात चित्र पोचवायची वेळ झाली होती. मी फ्लॉपी काढली आणि निघाले. म्हटलं, तिथे कुणीतरी सरळ करेल. कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर तुम्ही मांडणीसमोर उभे. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात त्या पेल्यांपैकी एक. तुम्ही पेपर फिरवला, पेला फिरवला, परत पेपर फिरवला. मी सांगायला तोंड उघडलं, की बाबा, लाइट गेली. तेवढ्यात तुम्ही आईला म्हणालात, "बघितलंस? पोरीने माझी चूक पेपरात छापली." आणि रडलात. बोटं गेली तेव्हा न रडलेला माणूस स्वयंपाकघरात उभा राहून, हातात पेला घेऊन रडला. पुढे कितीतरी दिवस तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेपर पालथा धरायला लावत होतात. शेठने तर मला पेढे दिले.

चौकट राहिली. टायवाला कधी आला नाही. पेपर पुढे बंद पडला, मी दुसरीकडे गेले, माऊस गेला, पाटी आली, टोक आलं. सही अजून उलटीच असते. मुलाखतीला येणारी मुलंमुली विचारतात, ही उलटी का? मी म्हणते, जगच उलटं आहे म्हणून. ते मान डोलवतात आणि लिहून घेतात. मला फार हसू येतं, आणि त्यानंतर थोडा वेळ काही काढवत नाही. तो पेला माझ्या टेबलावर आहे, पेन ठेवायला. पेन ठेवायचं तर पेला सरळ ठेवावा लागतो, म्हणून कुणा अनोळखी बाईचं नाव माझ्यासमोर कायम डोक्यावर उभं असतं.

हे पत्र पाठवायचं कुठे, ते काही मला माहीत नाही. नवं टोक कसं चालतं ते बघावं म्हणून त्याच पेनने पडद्यावर लिहीत गेले, हाताकडे न बघता. खाली सही करताना पेन थांबलं, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि तुम्ही ती न ऐकताच गेलात ह्याचं मला खरं तर बरंच वाटतं. पहिल्या दिवशी ती चूक होती, बाबा. दुसऱ्या दिवसापासून नाही.