चार मेणबत्त्या

बोगुश,

मी ब्र्नोच्या गाडीने निघाले. व्हिएन्नातलं ऑफिसचं काम सोमवारी आहे, पण माझ्या मैत्रिणी, लिड्का आणि मिर्का, त्याआधी दोन दिवस वाटेत ब्र्नोला भेटतायत. मी नवसाचं कारण पुढे केलं, तर लिड्का म्हणाली, "अगं इरेना, देव ब्र्नोलाही राहतो. तू नुसती ये." मग मलाही वाटलं, बघावं तरी.

कोबीचं सूप शेगडीवर आहे. आज शुक्रवार, मांस वर्ज्य; सॉसेज उद्या खा.

माझ्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा आज सहावा दिवस. प्रार्थना मी गाडीतही म्हणेन, पण मरीयामातेच्या तसबिरीपुढची मेणबत्ती घरातच लागायला हवी. चार मेणबत्त्या खणात ठेवल्यात. रोज संध्याकाळी सहाला एक लाव. तुझा विश्वास नाही, ठाऊक आहे मला. पण पडदा जवळ आहे, तेव्हा ती विझेपर्यंत तिथून उठू नकोस. अर्धा तास लागतो.

नवस कशासाठी, ते तू विचारलं नाहीस. तू आणि जागोदा नाताळपासून बोललेला नाहीत, त्यासाठी.

त्या अर्ध्या तासात आपल्या लेकीबद्दल तुझ्या मनात काय काय येतं, ते ऐकायची मला फार उत्सुकता आहे. मंगळवारी सांग. त्याआधी तिलाच फोन करून सांगितलंस, तर मला नाही कळलं तरी चालेल.

इरेना