एकही तांबडी ओळ नाही

३ मार्च
आज स्क्रीनचे चार भाग केले. आत्तापर्यंत एका ट्रकसाठी चार पानं उघडायची: नकाशा, टोल, मालवाल्याचं पान, ड्रायव्हरच्या तासांचं पान. एक पुढे आलं की बाकीची मागे जायची, आणि तेवढ्यात कुठली तरी गाडी कुठे तरी उभी राहिलेली असायची. आता चारही शेजारी शेजारी. मानसुद्धा हलवावी लागत नाही. सर खुर्चीमागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "उद्यापासून होसकोट्याच्या डेपोतल्या गाड्याही तूच बघ."
वीसच्या पन्नास झाल्या. जमेल. आप्पांनी बावीस वर्षं ट्रक चालवला, पण ते कुठे आहेत हे आम्हाला निपाणीत कधी कळायचं नाही. आई दाराकडे कान लावून जेवायची. माझ्या पन्नास घरांत तसं होऊ नये.

९ मार्च
पंधरा मिनिटांच्या वर गाडी थांबली की तिची ओळ तांबडी होते, टिंग वाजतं, मी फोन लावते. गाडी ४७१७ चे बसवराज अण्णा, गोकाककडचे, आज हसत होते. "अक्का, चहा पिऊ देता का नाही? कप उचलला की तुमचा फोन." आप्पांच्या वयाचे, तरी मला अक्का म्हणतात. मी म्हटलं, प्या की अण्णा, पण चौदा मिनिटांत.
ऑफिसभर झालं ते वाक्य. सरांनीही टाळी दिली.

१४ मार्च
डबा खाता खाता लिहितेय. दुपारी सव्वादोनला स्क्रीनवर एकही तांबडी ओळ नव्हती. पन्नासच्या पन्नास हिरव्या, असं पहिल्यांदाच. शेवटची राहिलेली बसवराज अण्णांची, हिरियूरच्या पुढे चिंचेखाली उभी होती. फोन केला, तीही हिरवी झाली. लगेच स्क्रीनचा फोटो काढून आप्पांना पाठवला. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण हिरवं कळतं.

१४, संध्याकाळ
४७१७ शिऱ्याच्या अलीकडे पुलाच्या कठड्यावर गेली. अण्णा जागीच

१७ मार्च
फोनवरचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते. नाहीतर थोड्या दिवसांनी मीच त्यात बदल करेन.
मी: अण्णा, गाडी बावीस मिनिटं उभी आहे.
ते: स्वल्प झोपतो अक्का. डोळे मिटायला लागलेत. अर्धा तास.
मी: मालवाल्याच्या पानावर पाचची वेळ आहे. पोचून झोपा ना.
ते: (जरा थांबून) सरी अक्का. निघतो.
एवढंच. मी ओरडले नाही, धमकी दिली नाही. "ना" लावून बोलले.

२१ मार्च
गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात आहे. पुढचा भाग गेला, पण ठिकाण कळवणाऱ्या यंत्राला कुठून तरी अजून वीज मिळतेय. नकाशावर ठिपका आहे. ओळ तांबडी. सात दिवस उभी. रोज सकाळी संगणक लावला की पहिलं टिंग तिचं असतं आणि स्क्रीनवर चौकट येऊन विचारते, ड्रायव्हरला फोन लावायचा का?
सरांना म्हटलं, यादीतून काढूया. म्हणाले, केस संपेपर्यंत नाही. "तू तो भाग छोटा करून ठेव."
केला. नखाएवढा. तरी आधी नजर तिथेच जाते.

२४ मार्च
आप्पांचा फोन आला. तो फोटो त्यांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावापुढे लावलाय. स्टँडवर सगळ्यांना दाखवतात, आमची पोरगी एका वेळी पन्नास गाड्या हाकती. मोठा करून करून बघितलाय.
"ते कोपऱ्यात ४७१७ च्या म्होरं पंधरा लिवलंय, ते काय गं? पंधरा टन भरलेत व्हय?"
मी हो म्हटलं.
फोन ठेवून फोटो उघडला. उजव्या कोपऱ्यात, तासांच्या पानावर, बारीक अक्षरांत: ४७१७, १५ तास. आदल्या रात्रीपासून सलग. म्हणजे त्या क्षणी ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. कुठलं पान मागे नव्हतं, काही झाकलेलं नव्हतं. तासांची ओळ तांबडी होत नाही. तशी सोयच नाही त्यात. मी फक्त रंग बघत होते.

२९ मार्च
अण्णांची बायको आली होती, महादेवी अक्का. भावाला घेऊन, अण्णांचं अंथरूण आणि डबा न्यायला. डबा घासलेला होता. ऑफिसात कुणी घासला, माहीत नाही.
सरांना विचारलं, "शेवटचा फोन ह्या ऑफिसातला आहे. कोण बोललं त्यांच्यासंगं? काय म्हणाले ते?"
सर म्हणाले, इथून दिवसाला शंभर फोन जातात अम्मा, सांगता येत नाही.
मग ती माझ्या टेबलापाशी आली. स्क्रीनकडे बघत राहिली. "ह्यात आमची गाडी दिसती काय?"
मी म्हटलं, नाही.
तो ठिपका तिच्या बोटापासून वीतभर लांब होता.
जाताना म्हणाली, ह्यांच्या मोबाईलची काच फुटली, पण चालतोय. चालूच ठेवलाय.

२ एप्रिल
सरांनी कागद दिला. इन्शुरन्सवाले विचारतायत. मी सही करायची: ड्रायव्हरला फोन केला, फक्त ठिकाण विचारलं, दुसरं काही बोलणं नाही. म्हणजे थांबले ते त्यांच्या मर्जीने, निघाले तेही त्यांच्या मर्जीने. दोष त्यांचा.
"खोटं काय आहे त्यात?" सर म्हणाले. "ठिकाण विचारलंसच ना तू?"
ते पण नव्हतं विचारलं. ठिकाण तर मला दिसत होतं.
ते बोलणं माहीत असलेली दोन माणसं. त्यातलं एक गेलं. सही केली की ते बोलणं झालंच नाही असं होईल. नाही केली तर नोकरी जाईल, आणि घरात पदवी मिळालेली, पगार आणणारी मी एकटी.

४ एप्रिल
आप्पांना विचारलं, रस्त्यात झोप आली की तुम्ही काय करायचात?
"गाडी बाजूला घ्यायची. झाडाची सावली बघायची, तोंडावर टॉवेल टाकायचा. अर्ध्या तासात माणूस नवा हुतो."
आणि मालवाला?
"त्याला काय दिसतंय? त्याला वाटायचं, येतोय."
मग सांगितलं. पंधरा म्हणजे टन नव्हे, तास. आणि अण्णा गेले ते, त्याआधी मी त्यांना काय म्हटलं तेही. आप्पांच्या मागे आईचा आवाज, कोण हाय, कोण हाय.
"त्येच्या बायकोला ठावं हाय?" एवढंच विचारलं त्यांनी.
संध्याकाळी बघितलं तर नावापुढचा फोटो काढलेला. नुसता करडा गोल.

५ एप्रिल
कागद सोमवारी द्यायचाय. अजून सहीविनाच, पिशवीत.
जेवणाच्या सुट्टीत सगळी पानं बंद केली. एकच उघडलं, ४७१७ चं, पूर्ण स्क्रीनभर. एवढ्या मोठ्या नकाशात आवाराशेजारची शाळा दिसते, एक तळं दिसतं. ओळ तांबडी. बावीस दिवस. चौकट आली, ड्रायव्हरला फोन लावायचा का?
अण्णांचा नंबर बघून घेतला आणि स्वतःच्या मोबाईलवरून लावला.
दोन रिंगांत उचलला. "यारू? कोण?"
मी ऑफिसचं नाव नाही सांगितलं. माझं सांगितलं. म्हटलं, महादेवी अक्का, अण्णांशी शेवटचं बोलले ती मी. ते काय म्हणाले ते सांगायचंय. आणि मी काय म्हटलं ते.
पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.
"थांबा," ती म्हणाली. "जरा बसते."
मी थांबले.